चेंडूची शिवण कुणाकडे होती

पिंकार्ड, जॉर्जिया
रविवार, ८ मार्च २०१५

हार्लन,

पत्र माझं आहे, अक्षर व्हर्लीन प्रुइटचं. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून गावाची पत्रं हाताळली तिने. आता निवृत्त झाली आहे आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून माझीच कॉफी पिते आहे, तीही तुझ्या टीमचं चित्र असलेल्या मगातून. मग घरून आणते, कारण माझ्या घरात तो मी ठेवू देत नाही.

तुला मंगळवारी टीव्हीवर पाहिलं. पोट सुटलंय. फुटबॉल टीमसाठी खेळाडू निवडणारा साहेब झालास तरी गळ्यातली टाय अजून तशीच, बैलाच्या दोरीसारखी. मुलाखत घेणाऱ्या त्या पोरीने तुला विचारलं की गेल्या साली तुमची टीम तीन सामने एकेका किकने हरली, मग यंदा ड्राफ्टमध्ये, कॉलेजची पोरं निवडायच्या त्या बाजारात, नुसती लाथ मारणारा किकर घेणार का? तू हसलास. म्हणालास, "बाई, सात फेऱ्या, सात निवडी. त्यातली एक किकरवर घालवणारा माणूस पगार फुकट खातो. किकर ऑगस्टात रस्त्याकडेला उभे असतात. शिट्टी मारली की येतात."

व्हर्लीनही हसली. मी तिचा मग उचलून ओतून टाकला.

माझा नातू टीग किकर आहे हे तुला माहीत आहे. नाताळात तू त्याला टोपी पाठवलीस, आत चिठ्ठी: 'घरचा माणूस.' एकतीस वर्षांत माझ्या वेल्डनला एक ओळ नाही, आणि त्याच्या पोराला टोपी. पोराने चौपन्न यार्डांवरून मारायला सुरुवात केल्यावर तुला घर आठवलं.

तर ऐक. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे, आणि ती मी १९८४ पासून मागते आहे. वेल्डनला फोन कर आणि तोंडाने सांग की ती किक त्याच्यामुळे हुकली नाही. तुझ्या पोराने, ब्रँटलीने, चेंडू उलटा धरला होता. एवढंच. मग माझ्या नातवाकडे बघ.

तू म्हणशील, म्हातारी विसरत नाही. म्हातारीला लिहिता येत नाही, हार्लन. जिला लिहून ठेवता येत नाही तिला विसरून कसं चालेल?

तू शाळेच्या टीमचा कोच होतास, आणि मी दक्षिणेकडच्या गोलच्या खांबांमागे उकडलेल्या शेंगा विकत होते. त्या सालात वेल्डनने अकरा किक मारल्या, अकराही आत. किकच्या आधी एक जण चेंडू टेकवून धरतो. त्याने शिवण पुढे, खांबांकडे फिरवायची असते, म्हणजे लाथ गुळगुळीत बाजूवर बसते. अकराही वेळा दिव्यांच्या उजेडात मला पांढरे टाके दिसले होते. बाराव्या वेळी टाके नव्हते. नुसतं तपकिरी कातडं. शिवण माझ्या पोराच्या पायाकडे होती. चेंडू डावीकडे गेला, तुम्ही दोन गुणांनी हरलात, आणि तू पेपरवाल्याला म्हणालास, "जो खेळाडूच नाही, त्याच्या पायावर आमचं वर्ष गेलं."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात आले. तुझा ब्रँटली आत अंडी खात होता, कॉलेजची माणसं शिष्यवृत्तीसाठी त्याला बघायला यायची होती. तू दार अर्धं ओढून घेतलंस आणि म्हणालास, "यूला, तुला स्वतःचं नाव वाचता येत नाही. चेंडूची शिवण काय वाचणार तू?"

मला वाचता येत नाही, कारण मी नऊ वर्षांची असताना आई गेली आणि तू दीड वर्षाचा होतास. शाळेत एकच जण जाणार होता.

फोन कर.

खाली माझी फुली आहे. व्हर्लीन म्हणते वाकडी आली. तशीच राहू दे.

यूला


शनिवार, ११ एप्रिल २०१५

हार्लन बाळा,

तुझं पत्र पोचलं. छापील, चार ओळी. व्हर्लीनने दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा संपलं हे मला कळलंच नाही. 'यूला, जुन्या गोष्टी उकरू नकोस. किक हुकली तर ती किकरची. टीगसाठी निवड खर्च करणार नाही, पण ड्राफ्ट संपताच पहिला फोन त्याला करीन.'

मी महिनाभर रागावून बसले. मग भोपळ्याच्या वेलाला आळं करताना वाटलं, खरंच, शहाणा तर तूच. मला वाटाणे कळतात आणि तुला हिशेब. किकर साऱ्या सामन्यात पाच-सहा मिनिटं मैदानात. बाकी वेळ कोट घालून उभा. त्याच्यावर चांगली निवड का घालवावी? सातव्या फेरीत एखादा पळणारा घ्यावा. पळणारा निदान पळताना दिसतो.

माझ्या शेजारच्या शेतातल्या शेंगा काढायच्या यंत्रात करंगळीएवढी एक पिन असते. ती तुटली की अख्खं यंत्र उभं, शेंगा जमिनीत, आणि वर पाऊस. पण म्हणून कुणी यंत्र घ्यायला जाताना आधी पिन घेतो का? नाही घेत. पिन दुकानदार फुकट देतो. तुझं बरोबर आहे.

एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात दोन टीमचे लोक इथे येऊन गेले. पोरगा कुठल्या घरचा, दारू पितो का, आजी कशी आहे, हे बघायला. एक उंच होता, त्याने जेवणानंतरचं गोड, पीच कॉबलर, तीनदा वाढून घेतलं. दुसरा ठेंगणा, तुमच्या शेजारच्या राज्यातल्या टीमचा, तुम्ही वर्षातून दोनदा ज्यांच्याशी खेळता त्यांचा. दोघांनी विचारलं, "आजी, आम्ही याला घेतलं तर?"

मी म्हटलं, "कशाला निवड वाया घालवता? तो मामाआजोबांकडेच जाणार. घरचं ठरलेलं आहे."

उंच माणसाने वहीत काहीतरी खोडलं. ठेंगण्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि आपलं कार्ड टेबलावर ठेवून गेला. कार्डावर काय आहे ते मला कुठे वाचता येतं?

तेव्हा तू निश्चिंत राहा. तुझ्या आड कुणी येणार नाही. पोरगा तुला फुकट मिळेल, आणि टीव्हीवर बोललेलं तुझं खरं होईल. माणसाने आपल्या शब्दाला जागावं. लोक बघत असतात.

व्हर्लीन विचारते की मी आजारी आहे का. म्हणते, यूलाबाई, तीस वर्षांत तुमच्या तोंडून या माणसाबद्दल बरा शब्द ऐकला नाही. मी म्हटलं, तू लिही.

वेल्डनबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मीही नाही.

फुली या वेळी सरळ आली आहे.

यूला


मंगळवार, ५ मे २०१५

हार्लन,

झालं एकदाचं. तुला अजून नीट कळलं नसेल, म्हणून सांगते. आणि सगळं सांगते, कारण व्हर्लीनने पेन खाली ठेवलं होतं. अर्धंमुर्धं लिहिणार नाही म्हणते.

गुरुवारपासून शनिवारपर्यंत टीग माझ्याकडे होता. इस्त्रीचा निळा शर्ट, फोन टेबलावर मधोमध, जसा काही केकच. व्हर्लीनने मोहरी घातलेली अंडी आणली, चर्चच्या बायकांनी कोंबडी तळून पाठवली. तीन दिवस आम्ही दुसऱ्यांच्या पोरांची नावं ऐकली. अडीचशेच्या वर. प्रत्येक नावाला टीग टाळी वाजवायचा. पहिल्या दिवशी मोठ्याने, दुसऱ्या दिवशी हळू. शनिवारी सातव्या फेरीत तुझी पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. तू मिसूरीचा एक पळणारा घेतलास.

पोरगा परत बसला नाही. मागच्या दारी जाऊन पायरीवर बसला, तोंड कुंपणाकडे करून. बावीस वर्षांचा घोडा, आणि शर्टाच्या बाहीने नाक पुसतो.

ते मी केलं, हार्लन. तू एकट्याने नाही. त्या उंच माणसाने त्याला पाचव्या फेरीत घेतला असता, तो तसं म्हणाला होता. मी थांबवलं. कारण ज्याला कुणी निवडलं त्याला त्या टीमकडे जावंच लागतं. आणि ज्याला कुणीच निवडलं नाही तो मोकळा. त्याला पाच टीम फोन करोत, तो हवी ती घेतो. एवढी एक गोष्ट तू टीव्हीवर सांगायची विसरलास. फुकट मिळणारी वस्तू कुणाच्याही मालकीची नसते.

टीव्ही बंद व्हायच्या आत तुझा फोन आला. शब्दाला जागलास, पहिला तूच. टीगने फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"पोरा, बॅग भर," तू म्हणालास. "घरच्या टीमला आलास."

टीग म्हणाला, "येतो. एक विचारू का? चौऱ्याऐंशी साली बाबांच्या किकला चेंडू कुणी धरला होता?"

पलीकडे तू दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तुझी आजी बसलीय वाटतं बाजूला," तू म्हणालास.

"बसलीय. पण विचारतोय मी."

"हे बघ पोरा. किक हुकली की ती किकरची. धंद्यात उतरतो आहेस, पहिला धडा समज."

"बरं," म्हणाला टीग, आणि फोन ठेवला.

मी त्याला तुझ्याबद्दल मार्चमध्येच सांगितलं होतं. प्रश्न मी शिकवला नव्हता. तो त्याच्या मनाने विचारला. तू तेव्हा 'ब्रँटलीने धरला होता, उलटा धरला होता' एवढं म्हणाला असतास तर तो तुझा होता. मी आडवी पडले असते तरी ओलांडून आला असता. तुझ्या हातात होतं. एका वाक्याचं काम.

मग मी त्याला माझी करणी सांगितली, कॉबलर, उंच माणूस, सगळं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "आजी, माझं नाव एकदा ऐकायचं होतं मला. टीव्हीवर. बाबा बघत होते." त्याने ताट घेतलं नाही, गाडी काढली आणि गेला. जाताना ठेंगण्या माणसाचं कार्ड मात्र फ्रिजवरून उचललं. दोन तासांनी कुठल्याशा पेट्रोल पंपावरून त्याने त्या माणसाला होकार दिला. शेजारची टीम. वर्षातून दोनदा.

माझे फोन तो उचलत नाही. ते माझं मी बघीन.

तू मात्र ऑगस्टात शिट्टी मारून बघ, कोण येतं ते.

यूला


मंगळवार, २७ ऑक्टोबर २०१५

हार्लन,

कसा आहेस? जेवण जातं का?

रविवारी सामना बघायला माझ्याकडे चौदा माणसं होती. व्हर्लीन तुझ्या टीमची टोपी घालून आली आणि दारातल्या खुर्चीवर बसली, जशी पंगतीबाहेर. तुमचा रस्त्याकडेचा किकर बरा आहे रे दिसायला. दात छान आहेत. पहिली किक उजवीकडे घालवली, दुसरी खांबाला मारली, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याने तुला दाखवलं, वर काचेच्या खोलीत. तू पाणी पीत होतास. दुसऱ्या वेळी पेल्यात पाणी नव्हतं.

शेवटी तुम्ही एकोणीस, ते सतरा, चार सेकंद बाकी. टीग मैदानात आला. अठ्ठेचाळीस यार्ड. तुमच्या साठ हजार माणसांनी त्याला शिव्या घातल्या. तो दोन पावलं मागे, दीड पाऊल बाजूला गेला, वेल्डन जायचा तसाच. चेंडू गेला तो मधोमध. वीस-एकोणीस. माझ्या घरात कुणी ओरडलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "कॉफी कुणाला हवी?"

व्हर्लीनने टोपी काढून पर्समध्ये घातली.

रात्री टीगचा फोन आला. मेनंतर पहिला.

"मी तुझ्यासाठी नाही मारली," तो म्हणाला. "बाबांसाठी मारली."

"मग बरोबर माणसासाठी मारलीस," मी म्हटलं.

"अजून रागात आहे मी."

"राहा. घाई नाही. जेवलास का?"

"जेवलो," म्हणाला, आणि मग चाळीस मिनिटं बोलला.

आता पेपरवाले तुला विचारतात म्हणे, सख्ख्या बहिणीचा नातू हातचा का घालवला? टीमचा मालकही विचारतो म्हणे. तुझ्या हातात अजूनही तेच एक वाक्य आहे. डिसेंबरात दुसरा सामना आहे.

यूला


रविवार, ८ नोव्हेंबर २०१५

हार्लन,

तुझं पत्र गुरुवारी आलं. हाताने लिहिलेलं. व्हर्लीनने पाकीट बघूनच सांगितलं, अक्षर तुझंच आहे. तीन पानं होती. आई गेल्यावर मी तुला पाठुंगळी घेऊन कापूस वेचायचे तेही त्यात होतं. ते तुला आठवत असणं शक्य नाही, मीच कधीतरी सांगितलं असेल.

दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं. 'चौऱ्याऐंशी सालच्या सामन्यात चेंडू माझ्या मुलाने, ब्रँटलीने, उलटा धरला. वेल्डनची चूक नव्हती. मी दोन दिवसांनी फिल्म पाहिली, मला स्पष्ट दिसलं, आणि मी ती फिल्म जाळली, कारण ब्रँटलीची शिष्यवृत्ती जाईल अशी मला भीती होती.'

व्हर्लीन वाचताना थांबली. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं.

मग तिसरं पान. डिसेंबरच्या सामन्याआधी मी पेपरवाल्यांना सांगावं की घरात काही वाद नव्हता, नुसता गैरसमज होता. पुढच्या वर्षी टीगला तुझ्याकडे यायला सांगावं. आणि शेवटी, 'हे आपल्या दोघांत राहू दे.'

दारात तू मला जे म्हणाला होतास, वाचण्याबद्दल, त्याचा तीन पानांत उल्लेख नाही. मी तो मागितला नव्हता. पण तुझं लक्ष नव्हतं हे कळलं.

आता तूच विचार कर. मी पडले निरक्षर. माझ्याकडे आलेलं पत्र मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावंच लागतं, ते दोघांत राहील कसं? आणि व्हर्लीनचा घसा शुक्रवारी सकाळी बसला. ती म्हणते, नाही बसला. बसला होता. मग गावात दुसरा वाचणारा कोण? बर्ल हॅमक न्हावी. त्याचा आवाज मोठा, आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर माइकपाशी तोच बसतो.

बर्ल आधी नाही म्हणाला. मग मी त्याला दुसरं पान वाचायला दिलं. तो चौऱ्याऐंशी साली त्याच टीममध्ये होता. गाव वेल्डनच्या गाडीवर चिखल फेकत होतं तेव्हा त्यानेही फेकला होता. तो खुर्चीत बसला, स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आणि म्हणाला, "केव्हा वाचू?"

सामन्याच्या आधी सूचना असतात. पांढऱ्या ट्रकचे दिवे चालू राहिलेत. शनिवारी सकाळी अग्निशमनवाल्यांच्या मदतीसाठी पॅनकेक. "आणि आता," बर्ल म्हणाला, "यूला टिलरी यांना आलेलं एक पत्र. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचतो. सगळ्यांनी टोप्या काढल्या तरी चालेल."

पहिल्या पानापासून वाचलं त्याने. काही गाळलं नाही, 'हे आपल्या दोघांत राहू दे' सुद्धा नाही. त्यावर कुणीतरी हसलं, आणि त्याच्या बायकोने त्याला गप्प केलं. तुझ्या नावाची पाटी अजून त्या मैदानाच्या फाटकावर आहे. लोक पत्र ऐकत होते आणि अधूनमधून मागे वळून पाटी बघत होते. काल सकाळी पाटीवर गोणपाट बांधलेलं होतं. मी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर काढूनच टाक म्हटलं असतं.

टीगला मी काही सांगणार नाही. तो कुठे खेळतो ते तो बघेल. तुझ्याकडे यायला मी सांगावं असं तू लिहिलंस. मी तो निरोप वाचून घेतला, एवढंच. पेपरवाले आले तर मी त्यांना कॉबलर देईन आणि विचारतील ते सांगेन. निवड खर्च न करता मिळालेलं तुझं वाक्य मी ठेवून घेते आहे. बदल्यात काही द्यायचं ठरलं नव्हतं.

वेल्डन आला नव्हता. लुइझियानात त्याच्या घरी होता. तो या गावात पाऊल ठेवत नाही, बापाच्या मातीलाही पुलापलीकडे गाडीत बसून राहिला होता. त्याला मी फोनवर धरलं होतं. बर्ल वाचत असताना व्हर्लीन कर्ण्याखाली उभी राहून हात वर करून फोन धरून होती, सत्तर वर्षांची बाई, तुझ्या टीमची. तिचा हात भरून आला तेव्हा तिने तो दुसऱ्या हाताने धरला.

वाचून झाल्यावर मी फोन कानाला लावला.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आई, मागे बँड वाजत होता. नीट ऐकू नाही आलं."

बँड तेव्हा मैदानात आलेलाच नव्हता.

"परत वाचायला सांगू का?" मी म्हटलं.

"सांग," तो म्हणाला.

म्हणून मध्यंतरात बर्लने घसा खाकरला, आणि पहिल्या शब्दापासून परत सुरू केलं.

यूला